कान्हा, बाराशिंगे, उन्हाळा

पहाटे ५.४५

थंडीत भोपाळला या वेळी अजून अंधार असतो. शाल लपेटून मी एकांत पार्ककडे निघते. आमची वसाहत चार इमली. इमली म्हणजे चिंच, हे महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. सरकारी बंगले, रुंद रस्ते, गाड्यांची वर्दळ नाही. पहाटेची ही पाऊण तासाची चाल माझ्या कामाचाच भाग आहे, कारण पुढचे आठ-नऊ तास मान खाली घालून काढायचे असतात.

माझं काम जुन्या चित्रफितींचं. त्यातही जंगलात चित्रित झालेल्या. त्या तपासायच्या, पुसायच्या, त्यांची प्रत काढायची आणि मुख्य म्हणजे नोंद करायची. हे काम चार इमलीत आपणहून चालत येतं. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. सचिवालयातली, वनखात्यातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आली. माझे सासरे त्यांतलेच. त्या पिढीतल्या काही वनाधिकाऱ्यांकडे हौसेचे कॅमेरे होते. ती माणसं आता नाहीत. त्यांच्या ट्रंका मात्र माळ्यांवर आहेत.

सकाळी ७.००

मागची खोली उघडते. पहिलं काम भिंतीवरच्या यंत्रावरचे आकडे वहीत लिहिणं: तापमान १७, आर्द्रता ४१ टक्के. आकडे चांगले आहेत. दिवाळी ते होळी हा माझा हंगाम. पावसाळ्यात मी डबे उघडत नाही. दमट हवा फितीत एकदा शिरली की बाहेर काढणं कठीण.

टेबलावर पत्र्याचे सहा गोल डबे आहेत. जवळच राहणाऱ्या एका काकूंच्या ट्रंकेतले. त्यांचे यजमान वनखात्यात होते, जाऊन बरीच वर्षं झाली. पाच डब्यांवर काहीच लिहिलेलं नाही. सहाव्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी आहे आणि तीवर पेन्सिलीने तीन शब्द: कान्हा, बाराशिंगे, उन्हाळा.

साल नाही. आजचा माझा दिवस त्या सालासाठी आहे.

एका सालासाठी एवढा खटाटोप का, असं घरी येणारे विचारतात. मी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं उदाहरण देते. १८८३ साली सुरू झालेल्या या संस्थेने १९११ पासून हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली. त्या पाहणीत जमवलेल्या प्रत्येक कातड्याला एक चिठ्ठी बांधलेली असे: कुठे मिळालं, कधी, कोणी मिळवलं, नर की मादी, लांबी किती. चिठ्ठी गळून पडली तर कातडं तेवढंच सुंदर राहतं, पण अभ्यासाला निरुपयोगी होतं. कोणत्या डोंगरातला, कोणत्या काळातला प्राणी, हे सांगणारं मग कोणी उरत नाही. चित्रफीतही तशीच. तीत प्राणी जिवंत आहे, चालतो आहे, मान वळवतो आहे. पण साल आणि ठिकाण नसेल तर ते नुसतं देखणं चित्र.

सकाळी ८.१५

डबा उघडताना खिडकी उघडी ठेवते आणि आधी वास घेते. या धंद्यात नाक हे पहिलं अवजार. आंबूस, व्हिनेगरचा वास आला तर फितीला रोग लागला असं समजायचं. १६ मिलिमीटरची फीत कोडॅकने १९२३ साली आणली ती घरगुती वापरासाठी, आणि म्हणून ती न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेटवर बनवली. अ‍ॅसिटेटचं दुखणं वेगळं आहे. उष्णता आणि ओल मिळाली की त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागतं, आणि सुटलेलं आम्लच पुढची झीज वाढवतं. घट्ट बंद डब्यात ते कोंडून राहतं. फीत आकसते, वाकडी होते, शेवटी तिच्यावरचा चित्राचा थर सुटून येतो. एका डब्याचा रोग शेजारच्या डब्याला लागतो, म्हणून आजारी डबे मी वेगळ्या कपाटात ठेवते.

काल सकाळी या डब्यात मी तपासणीची कागदी पट्टी ठेवली होती. ती मुळात निळी असते. आम्ल असेल तर हिरवी होत जाते आणि फारच असेल तर पिवळी. आज ती निळीच आहे, फक्त एका कडेला किंचित हिरवट. मी सुटकेचा श्वास सोडते. काकूंच्या घरी ही ट्रंक स्वयंपाकघरापासून दूर, उत्तरेच्या खोलीत होती. त्या खोलीने फीत वाचवली.

सिनेमाच्या जुन्या काळातली मोठी फीत नायट्रेटची असे आणि तिचं संकट आगीचं होतं. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या जमान्यातलं बरंच काही गेलं. नायट्रेट एका दिवसात जाते. अ‍ॅसिटेट चार-पाच दशकांत, कोणाला न कळता जाते. भोपाळच्या माळ्यांवरच्या ट्रंकांची मुदत आता भरत आली आहे.

सकाळी १०.००

सुती हातमोजे, दोन हातचक्र्या, मधे दिव्याची काच आणि डोळ्याला लावायचं भिंग. फीत डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश जाते. प्रोजेक्टरवर ती चढवायची नाही, हा पहिला नियम. एक टक्क्याच्या आसपास आकसलेली फीतही प्रोजेक्टरच्या दातांवर फाटते.

मी मोजते आणि वहीत टिपते. लांबी शंभर फूट, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेलं एक पूर्ण रीळ. फाटलेली छिद्रं सात, सगळी सुरुवातीच्या भागात. जोड दोन, एक सुरुवातीला आणि एक शेवटाजवळ. मधल्या सगळ्या लांबीत एकही जोड नाही, म्हणजे तेवढा भाग जसा कॅमेऱ्यातून आला तसाच आहे. ही नोंद मी ठळक करते.

फीत रंगीत आहे, कोडॅक्रोम. १९३५ साली बाजारात आलेल्या या फितीचे रंग अंधारात ठेवले तर दशकानुदशकं टिकतात. सालवृक्षाच्या पानांचा हिरवा आणि वाळल्या गवताचा सोनेरी रंग भिंगाखाली काल काढल्यासारखे दिसतात. पण कोडॅक्रोमची दुसरी बाजू मनात धडकी भरवते. ही फीत धुतली की तीच चित्र होते, तिला वेगळी निगेटिव्ह नसते. कान्ह्याच्या उन्हात जी फीत कॅमेऱ्यातून गेली, तीच आता माझ्या हातात आहे. तिची दुसरी प्रत पृथ्वीवर कुठेही नाही.

आता कडेच्या खुणा. कोडॅक आपल्या फितींच्या काठावर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक आकृत्या छापत असे. त्यांवरून फीत कोणत्या वर्षी तयार झाली ते कळतं. अडचण एवढीच की त्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा येत. मी तक्ता काढून ताडून पाहते. उत्तर येतं: १९४७ किंवा १९६७.

काही फुटांवर एक पाटी ओझरती दिसते आणि तीवर राष्ट्रीय उद्यानाची अक्षरं आहेत. कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली. म्हणजे १९४७ बाद. फीत १९६७ ची. पण ही फीत तयार झाल्याची तारीख, चित्रीकरणाची नव्हे. त्या काळात रंगीत फीत मिळणं कठीण होतं. मिळालेलं रीळ लोक वर्ष-दोन वर्षं जपून वापरत.

सकाळी ११.१५

रीळ आता स्कॅनरवर चढतं. माझा स्कॅनर लहान आहे, सेकंदाला दोन चित्रं टिपतो. शंभर फुटांत चार हजार चित्रं. अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागेल. यंत्र टक-टक करत एकेक चित्र पुढे सरकवतं. मी समोर बसून राहते, कारण कोणताही जोड अडकू शकतो.

या आवाजात मला नेहमी दादासाहेब फाळके आठवतात. लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर, १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून ठेवला. रोप वाढत गेलं तसं रोज थोडं थोडं टिपत राहिले. महिन्याभराच्या मेहनतीचा चित्रपट झाला मिनिटभराचा, ‘अंकुराची वाढ’. तो पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि पुढच्या चित्रपटाला पैसा उभा राहिला. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुलं उमलतानाचा चित्रपट असाच केला होता. माझ्या माहितीत मराठी माणसाच्या हातून झालेलं निसर्गाचं पहिलं चलत्-चित्र म्हणजे मातीतून वर येणारा तो वाटाण्याचा कोंब. ते चित्र आज उरलेलं नाही. फाळक्यांच्या इतर चित्रपटांचे तुकडे पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या मुलांकडे जाऊन शोधले, जोडले आणि पुण्याच्या संग्रहालयात आणले. तो कोंब मात्र त्यांना मिळाला नाही.

जंगलात कॅमेरा नेणाऱ्यांची अडचण वेगळी होती. प्राण्याला दिसायचं नाही, त्याला ऐकू जायचं नाही आणि तरीही जवळ जायचं. इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी १९०० च्या सुमारास बैलाचं कातडं आतून पोकळ करून घेतलं आणि त्यात शिरून छायाचित्रं काढली. चेरीने पुढे चलचित्र कॅमेरा आफ्रिकेत नेला. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात साच्यावर कातडं चढवून प्राणी उभे करणारे कार्ल एकली यांना बाजारातला कॅमेरा हळू वळतो म्हणून चालेना, तेव्हा त्यांनी स्वतःच नवा कॅमेरा बनवला. जनावर धावलं तर त्याच्यामागे तो झटक्यात फिरायचा. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाटेवर तार ताणून वाघाकडूनच वाघाचा फोटो काढून घेतला. तारेला पाय लागला की दिवा पेटे आणि झडप उघडे.

जिम कॉर्बेटची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. त्याच्याकडे १६ मिलिमीटरचा बेल अँड हॉवेल होता आणि त्याची घरघर ऐकून वाघ निघून जाई. मग त्याने जंगलातल्या एका लहानशा ओहोळावर छोटे छोटे बांध घातले. पाणी त्यांवरून पडून खळखळू लागलं आणि त्या खळखळीत कॅमेऱ्याचा आवाज बुडाला. कित्येक महिन्यांच्या बैठकीनंतर त्याला सात वाघांचं चित्रण मिळालं. आवाज लपवायला त्याने आवाजच वापरला, तोही जंगलाचाच.

दुपारी १२.१५

स्कॅन पुरा झाला. पहिल्यांदा सगळं एकसंध पाहते.

वनविश्रामगृहाचा व्हरांडा. एक तरुण बाई पदर सावरत बादली उचलून पायऱ्या उतरते. कॅमेरा तिच्याबरोबर उजवीकडे वळतो. बाई चौकटीतून निघून जाते, कॅमेरा वळतच राहतो. कुंपण, दोन झोपड्या, धुराची रेघ, मग मोकळं कुरण आणि कुरणात बाराशिंगे. मी थांबवून मोजते. तेवीस. नरांची शिंगं मखमलीत आहेत. पाठीमागे सालवृक्षांची भिंत.

माझ्या मनात पहिला प्रश्न वेगाचा. हे कॅमेरे किल्लीचे असत. सेकंदाला सोळा चित्रं घेतली असतील तर हे रीळ चार मिनिटं दहा सेकंदांचं. चोवीस घेतली असतील तर दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंदांचं. चुकीच्या वेगाने दाखवलं तर हरणं उड्या मारल्यासारखी पळतील, आणि पुढचा अभ्यासक त्यावरून भलताच निष्कर्ष काढेल. चरणाऱ्या हरणावरून वेग ठरवता येत नाही. माणसाच्या चालीवरून येतो. पायऱ्या उतरणाऱ्या त्या बाईकडे पाहून मी वेग लावते. सोळावर तिचं पाऊल माणसासारखं पडतं.

दुसरा प्रश्न गवताच्या उंचीचा. बाराशिंग्याचं सगळं जगणं गवतावर, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा. त्याचंही उत्तर कुंपणाजवळ उभ्या असलेल्या गड्याकडे आहे. गवत त्याच्या गुडघ्याच्या जरा वर.

दुपारी २.००

भाकरी, वांग्याची भाजी आणि कढी असं जेवण उरकून मी पर्यावरण परिसरातल्या क्षेत्रीय प्राकृतिक विज्ञान संग्रहालयात जाते. आमच्यापासून जवळ आहे. १९९७ साली सुरू झालं. डोळ्यांना विश्रांती म्हणून मी दुपारी अधूनमधून तिथे फिरते. आज शाळेची सहल आली आहे. काचेमागच्या देखाव्यापुढे मुलं नाक टेकवून उभी आहेत. एक मुलगी शिक्षिकेला विचारते, “मॅडम, ये चलता क्यों नहीं?” शिक्षिका हसून तिला पुढे नेते. मला मात्र त्या प्रश्नापुढून हलवत नाही. संग्रहालयात उभं केलेलं जनावर चालत नाही. ते कसं चालत होतं ते फितीतच राहिलेलं असतं.

या संग्रहालयाची दिल्लीतली मूळ संस्था म्हणजे १९७८ साली सुरू झालेलं राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे ते आगीत जळालं. तेव्हापासून एकाच इमारतीत ठेवलेल्या एकाच प्रतीला मी जपलेलं म्हणत नाही.

कार्ल एकलींच्या न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात दक्षिण आशियातल्या प्राण्यांचं एक दालन १९३० साली उघडलं. त्यासाठी १९२३ साली आर्थर व्हर्ने आणि कर्नल फॉन्थॉर्प यांनी हिंदुस्थानात मोहीम काढली होती. दालनाला नावही त्या दोघांचं आहे. मोहिमेबरोबर कॅमेराही होता आणि त्यातून पुढे वाघांच्या शिकारीचा चित्रपट निघाला. अशा चित्रपटांत हत्तीवरचा माहूत, हाका घालणारी माणसं, पाणी आणणाऱ्या बायका क्षणभर दिसून जातात. मी नेहमी त्या माणसांकडे पाहत बसते. प्राण्याच्या चिठ्ठीवर त्यांची नावं कोणी लिहिली असतील का, हा विचार मनातून जात नाही.

दुपारी ४.००

काकू येतात. ऐंशी उलटली आहे, तरी काठी न घेता. त्यांच्यासाठी मी आल्याचा चहा ठेवला आहे. संगणकासमोर खुर्ची ओढून देते.

“काकू, तुमच्याकडच्या डब्यातलं आहे. बघा काही ओळखता येतं का.”

व्हरांडा दिसतो. काकू काही बोलत नाहीत. बाई बादली उचलते.

“अगं बाई,” त्या एकदम म्हणतात, “ही तर मी!”

मी चित्र थांबवते. त्या पुढे वाकून पाहतात आणि पदराने डोळे टिपतात.

“ह्यांनी काढलं असेल. मला ठाऊकच नाही. कॅमेऱ्याला गोधडी गुंडाळून बसायचे, आवाज नको म्हणून. मी म्हणायची, गोधडी माझ्या आईनं शिवलेली आहे, जरा सांभाळा.”

“कोणत्या सालचं असेल, काकू?”

“साल कसं सांगू गं. दर उन्हाळ्यात तिथे मुक्काम असायचा.” थोडा वेळ त्या पडद्याकडे पाहत राहतात. “जरा पुन्हा दाखव. मी उतरताना.”

मी दाखवते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्या हळूच हसतात.

“पदर कसा घेतलाय बघ. झाकून. पाचवा महिना होता मला. सासूबाईंनी बजावलं होतं, जंगलात जाऊन राहिलीस तर रात्री बाहेर पडू नको. थोरला गणपतीत झाला, नागपूरला. अडुसष्टचे गणपती.”

अडुसष्टचे गणपती ऑगस्टच्या अखेरीस होते. मी बोटांवर मोजते. पाचवा महिना म्हणजे एप्रिल, फार तर मेचे पहिले दिवस. पट्टीवरचा उन्हाळा, कडेची १९६७ ची खूण, उद्यानाची पाटी, सगळं एका ओळीत येऊन उभं राहतं.

मग मला सकाळची ती ठळक नोंद आठवते. व्हरांड्यापासून कुरणापर्यंत फितीत एकही जोड नाही, आणि एका किल्लीवर जेवढी फीत पळते तेवढ्यातच ते सगळं बसतं. कॅमेरा न थांबता काकूंवरून बाराशिंग्यांवर गेला. म्हणजे जी तारीख काकूंची, तीच त्या तेवीस जनावरांची.

“काकू,” मी म्हणते, “त्या कळपाची तारीख तुम्ही सांगितलीत.”

“मी कुठे सांगितली? पोराचा जन्म सांगितला.”

संध्याकाळी ६.००

नोंद लिहायला बसते. माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत, निश्चित आणि अंदाजे. ठिकाण: कान्हा, निश्चित. काळ: एप्रिल-मे १९६८, निश्चित. वेग: सेकंदाला सोळा चित्रं, अंदाजे. बाराशिंगे: तेवीस, निश्चित. गवत: गुडघ्याच्या वर, अंदाजे. चित्रण करणारा: काकूंचे यजमान. चित्रात: काकू, पाच महिन्यांच्या गरोदर. आधार: काकूंचं स्वतःचं सांगणं, आजच्या तारखेसह.

तेवीस या आकड्याचं वजन दोन वर्षांनंतरच्या गणतीत आहे. कठीण जमिनीवर राहणारा हा बाराशिंगा जगात फक्त मध्य भारतात उरला होता, आणि १९७० साली कान्ह्यात त्याची संख्या अवघी ६६ झाली. १९६९ च्या सुमारास उद्यानातली गावं बाहेर हलवायला सुरुवात झाली. शेतं होती तिथे कुरणं वाढली, संरक्षणासाठी कुंपण घातलेला मोठा भाग तयार केला आणि जनावर सावरलं. आज त्याची संख्या हजाराच्या पलीकडे आहे आणि तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. माझ्यासमोरच्या चित्रात त्या घसरणीच्या तळाजवळचा कळप आहे, आणि कळपाच्या कडेला त्या दोन झोपड्याही आहेत, ज्यांच्यासारखी घरं थोड्याच काळात तिथून उठणार होती. हरणाला जागा मिळाली ती कोणाचं तरी अंगण सुटल्यामुळे. एकाच चौकटीत दोन्ही आहे. नोंदीत दोन्ही लिहिलं पाहिजे.

सगळ्यांचं नशीब बाराशिंग्यासारखं नसतं. टास्मानियातल्या शेवटच्या थायलसिनचं, म्हणजे पट्टेवाल्या पिशवीधारी लांडग्याचं, चित्रण १९३३ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात झालं. तो प्राणी ७ सप्टेंबर १९३६ ला मेला. आज त्याच्या चालण्याचं सगळं ज्ञान जेमतेम काही मिनिटांच्या फितींत आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने १९३५ च्या एका प्रवासपटातले आणखी एकवीस सेकंद पुढे आणले तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. आणि आपल्या चित्त्याचं काय झालं? १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले आणि त्यांच्याबरोबर काढलेला फोटो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पोचला. हिंदुस्थानातल्या शेवटच्या चित्त्यांची म्हणून आज आपण जी छबी ओळखतो, ती मेलेल्या चित्त्यांची आहे.

एक चूक इथे लिहिते, कारण ती विसरू नये. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरच्यांनी मला सांगितलं, वाघाचा भाग तेवढा ठेवा, बाकी घरचं आहे, कोणाला काय त्याचं. मी प्रत काढताना बारसं, सहल, अंगणातली मुलं सगळं वगळलं. मूळ रीळ ते घेऊन गेले आणि पुढच्या पावसाळ्यात ते खराब होऊन फेकून दिलं गेलं. माझ्याकडे वाघ आहे. उत्तम आहे. पण तो कधीचा, हे आता कधीच कळणार नाही, कारण तारीख त्या बारशात होती.

घरच्यांना माणसं हवी असतात, अभ्यासकांना जनावर. दोघंही कात्री मागतात. मी आता कात्री देत नाही.

अर्ने सुक्सडॉर्फ या स्वीडिश दिग्दर्शकाने १९५७ सालचा आपला रंगीत चित्रपट तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या बस्तरमध्ये, मुरिया वस्तीत केला. चेंदरू नावाचा मुलगा आणि त्याचा वाघ जगभरच्या पडद्यांवर गेले. पंडित रविशंकरांचं संगीत त्याला होतं. चेंदरू परत आपल्या गढबेंगालला आला आणि २०१३ साली वारला. वाघाचं चित्र जपताना त्याच्या शेजारच्या मुलाचं नाव, गाव आणि पुढचं आयुष्यही जपणं हे संग्रहालयाचंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

रात्री ८.३०

जेवण झाल्यावर शेवटची फेरी. फीत नव्या, हवा खेळेल अशा डब्यात जाते. गंजका डबा काकूंना परत द्यायचा, पण त्यावरची चिकटपट्टी मी वाफेने हलकेच सोडवून आम्लरहित कागदात ठेवते. ते त्यांच्या यजमानांचं अक्षर आहे. स्कॅनच्या तीन प्रती होतात. एक इथे, एक पुण्यात माझ्या बहिणीकडे, एक काकूंच्या थोरल्याकडे, जो या चित्रात आहे आणि दिसत नाही.

संगणकातली प्रत कितीही चांगली असली तरी मूळ फीत मी टाकू देत नाही. कोडॅक्रोम धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस ते काम थांबवून बसली, आता ही फीत पुन्हा तयार होणार नाही. आणि माझा स्कॅनर जे पाहू शकला नाही, ते वीस वर्षांनंतरचं यंत्र पाहील. कदाचित एखाद्या मादीच्या कानावरचा कापा, कदाचित गवताची जात. ते पाहायला मूळ चित्र शिल्लक हवं.

रात्री १०.००

दिवा मालवायच्या आधी नव्या डब्यासाठी चिठ्ठी लिहिते. पेन्सिलीने, कारण शाई उतरते. वरच्या ओळीत ‘कान्हा, बाराशिंगे, उन्हाळा’ हे तीन शब्द जसेच्या तसे. खाली साल. आणि त्याखाली काकूंचं नाव.

उरलेल्या पाच डब्यांवर काही लिहिलेलं नाही. काकू उद्या पुन्हा चारला येणार आहेत.